तिकिटावर न लिहिलेले तास

माझी पुतणी आठवीत शिकते. शाळेनं तिला भूगोलाचा एक छोटा प्रकल्प दिला होता. एकमेकांपासून दूर असलेले दोन विमानतळ निवडायचे, त्यांच्यातलं अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागतो ते शोधायचं, मग जगाच्या नकाशावर रेघ ओढायची. वर्गातल्या कुणी मुंबई–न्यूयॉर्क घेतलं, कुणी दिल्ली–लंडन. एका हुशार पोरानं सिंगापूर–न्यूयॉर्क शोधून काढलं. पंधरा हजार किलोमीटरहून जास्त अंतर आणि मध्ये कुठंही न उतरता अठरा तासांवर उड्डाण. हिनं मात्र जेद्दा–मुंबई घेतलं, कारण तिचे अब्बू, म्हणजे माझे थोरले भाऊ, जेद्दात एसी दुरुस्तीचं काम करतात.

संध्याकाळी ती मोबाइल आणि वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. वहीत दोन ओळी लिहिल्या होत्या. अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. वेळ सुमारे ५ तास. नकाशावर रेघ ओढता ओढता ती थांबली आणि म्हणाली, "चाचा, पाचच तास लागतात ना? मग अब्बू दादाजानच्या मय्यतीला का नाही पोहोचले?"

तेव्हा ती जेमतेम पहिलीत होती. तिला सगळं आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर तिला द्यायचं राहिलं आहे, आणि ते फक्त आमच्या घरापुरतं नाही, म्हणून इथं लिहितो.

२०१९ च्या जानेवारीतली गोष्ट. सोमवारची रात्र सरून मंगळवार लागला होता. रात्री दोनच्या सुमारास अब्बा गेले. मी लगेच भाईजानना फोन लावला. जेद्दात तेव्हा साडेअकरा वाजले होते. पुढच्याच आठवड्यात ते रजेवर येणार होते, त्यामुळे कागदपत्रं तयार होती. मालक भला माणूस, त्यानं अडवलं नाही. पहाटे साडेपाचच्या विमानात जागा मिळाली. अडीच वाजता ते खोलीवरून निघाले.

इकडे घरात हिशेब सुरू झाला. मय्यत जास्त वेळ ठेवू नये, दफन लवकर करावं, ही आमच्याकडची शिकवण. रात्री गेलेल्या माणसाचा जनाजा साधारण दुपारी जोहरच्या नमाजनंतर निघतो. पण थोरला मुलगा वाटेत आहे म्हटल्यावर सगळेच थांबायला तयार झाले. आमच्या चुलत्यांनी बोटांवर मोजलं, साडेपाचला निघणार, पाच तास, म्हणजे साडेदहाला मुंबई. तिथून दुपारचं नागपूरचं विमान आणि पुढे गाडी. दिवस मावळेपर्यंत घरी. मशिदीत सांगून झालं, जनाजा मगरिबनंतर.

त्या मोजणीत एक साधी चूक होती आणि ती आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नाही. साडेपाच ही जेद्दाची वेळ होती. आपलं घड्याळ सौदीच्या अडीच तास पुढे असतं. भाईजान निघाले तेव्हा अकोल्यात सकाळचे आठ वाजले होते. विमान मुंबईत टेकलं ते दुपारी एकला. पासपोर्टची रांग आणि सामान यातून बाहेर यायला सव्वादोन वाजले. नागपूरच्या दुपारच्या विमानाची वेळ निघून गेली होती आणि संध्याकाळच्या विमानात जागा नव्हती. संध्याकाळची रेल्वे धरली असती तर पहाटे चारनंतर अकोला. त्यांनी टॅक्सी केली.

आम्ही जनाजा मगरिबवरून इशावर नेला. अम्मी म्हणत होती, थांबा. मोहल्ल्यातले बुजुर्ग म्हणत होते, बेटी, अठरा तास झाले, आता किती? दोघांचंही बरोबर होतं. इशाची नमाज झाली, जनाजा उचलला. भाईजान तेव्हा येवल्याच्या आसपास होते. मी फोन केला. त्यांनी टॅक्सी बाजूला घ्यायला लावली आणि दफन होईपर्यंत ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

पहाटे तीनला ते अकोल्यात पोहोचले. घरी न येता आधी कब्रस्तानात गेले. मी टॉर्च धरून उभा होतो. ओली माती, वर विस्कटलेली फुलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. परत येताना एवढंच म्हणाले, "मुंबईत चाकं टेकली तेव्हा मला वाटलं, पोहोचलो."

दुसऱ्या दिवशी भेटायला आलेले आमचे शेजारी काका वऱ्हाडीत म्हणाले ते अजून कानात आहे. "काहो भाऊ, समुद्र वलांडून माणूस पाच घंट्यात येते, अन् मंबईहून अकोल्याले यायले अर्धी रात होते. हे कसं काय?"

हे कसं काय, याचा हिशेब मी नंतर मांडला. खोलीचं दार लावल्यापासून कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत भाईजानना बावीस तास लागले. त्यातले तीन तास विमानतळावर जाण्यात आणि थांबण्यात, पाच तास आकाशात, सव्वा तास मुंबईच्या विमानतळावर, आणि पावणेतेरा तास रस्त्यावर. साडेतीन हजार किलोमीटरला पाच तास, आणि त्याच्या सहाव्या हिश्शाएवढ्या ५८० किलोमीटरला पावणेतेरा. माझ्या पुतणीनं वहीत जी संख्या लिहिली ती चुकीची नव्हती. ती एकूण प्रवासाच्या चौथ्या भागापेक्षाही कमी होती, एवढंच.

विमानाच्या वेळेचं गणित तसं सोपं आहे. मोठी जेट विमानं ताशी ८५० ते ९०० किलोमीटरनं जातात. चढण्या-उतरण्याचा संथ वेळ धरला तर अंतराला ८०० नं भागावं आणि अर्धा तास मिळवावा, अंदाज बऱ्यापैकी जुळतो. साडेतीन हजार भागिले आठशे म्हणजे साडेचारला थोडे कमी, अधिक अर्धा, झाले पाच. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वारे पाठीशी असले तर येताना थोडं लवकर, जाताना तेच वारे समोरून, म्हणून थोडं उशिरा. तिकिटावरच्या वेळा मात्र फसव्या वाटतात. येताना पाच तासांचा प्रवास घड्याळाला साडेसात तासांचा दिसतो, आणि जाताना तोच अडीच-तीन तासांत उरकल्यासारखा वाटतो. आखातात माणूस असलेल्या प्रत्येक घरानं हे अडीच तास पाठ करून ठेवावेत. आम्ही केले नव्हते.

गंमत म्हणजे नकाशावर हे शहर आपल्याला आडवं आहे. मक्का, जेद्दा, नागपूर, अमरावती, अकोला ही सगळी गावं एका अंशाच्या फरकानं एकाच अक्षांशावर येतात. पुतणीनं पट्टी लावून ओढलेली रेघ जवळपास सरळ आडवी गेली आणि ती वऱ्हाडावरून पुढे नागपूरकडे निघाली. म्हणजे रेघ आमच्या डोक्यावरून जाते. उतरायची सोय तेवढी नाही.

आता थोडं मागे जाऊ. माझे आजोबा हजला गेले ते जहाजानं. अकोल्याहून एका रात्रीच्या रेल्वेनं मुंबई, मग मुसाफिरखान्यात मुक्काम, मग जहाज. जेद्दाचा किनारा दिसायला आठवड्याहून जास्त लागायचं. घरच्यांनी माणसाला निरोप द्यायचा तो जवळपास कायमचा निरोप दिल्यासारखा. कुणी गेलं तर समुद्रातच सोडायचे. मुंबईहून हाजींना नेणारं शेवटचं जहाज १९९५ मध्ये गेलं आणि तो जमाना संपला.

आजोबांच्या प्रवासाचे दोन तुकडे पाडून पाहा. अकोला ते मुंबई एक रात्र, मुंबई ते जेद्दा आठ-नऊ दिवस. आज मुंबई ते जेद्दा पाच तास. आणि अकोला ते मुंबई? एक रात्र. रेल्वे आमच्या भागात एकोणिसाव्या शतकात आली, कापसासाठी आली. तेव्हापासून वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, डिझेल जाऊन वीज आली. प्रवास आधीपेक्षा पुष्कळ सुखाचा झाला हे नाकारत नाही. पण माणूस अजूनही संध्याकाळी मुंबईत बसतो आणि पहाटे अकोल्यात डोळे चोळत उतरतो. समुद्र आटून पाच तासांचा झाला, आमची रात्र मात्र होती तेवढीच राहिली.

यातून पहिली गोष्ट मला दिसते ती अशी. आकाशातला वेळ आता फारसा कमी होणार नाही. साठ वर्षांपूर्वीची जेट विमानं ज्या वेगानं जात, जवळजवळ त्याच वेगानं आजचीही जातात. कॉन्कॉर्ड विमान लंडनहून न्यूयॉर्कला साडेतीन तासांत जायचं, पण ते परवडेना म्हणून २००३ मध्ये बंद झालं. त्यामुळे दोन दूरच्या गावांमधला वेळ कमी करायचा असेल तर तो जमिनीवर कमी करावा लागेल. विमानतळ ते विमानतळ ही मोजणी विमान कंपनीच्या कामाची आहे. माणसाची मोजणी दारापासून दारापर्यंत असते.

आणि या मोजणीत वऱ्हाड कुठं बसतं? अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर. छत्रपती संभाजीनगर तेवढंच. मुंबई ५८०. म्हणजे आपण दोन विमानतळांच्या बरोबर मध्ये, दोघांपासून सारखेच लांब.

इथं अकोलेकर वाचक लगेच म्हणतील, आपल्या शिवणीचं काय? शिवणीची धावपट्टी १९४३ ची, दुसऱ्या महायुद्धातली. शहराला अगदी लागून. पण ती मोठ्या विमानांना तोकडी पडते. वाढवायची तर जागा पाहिजे, आणि शेजारी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन. या वाढीव धावपट्टीच्या बातम्या वाचत माझी पिढी म्हातारी होत आली. प्रत्येक निवडणुकीत शिवणीचं विमान उडतं आणि मतमोजणीच्या दिवशी उतरतं.

तिकडे अमरावतीला मात्र काम झालं. बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली. बहात्तर आसनांचं एटीआर विमान, मुंबई ते अमरावती पावणेदोन तास. त्या दिवशी अकोल्यात काहींनी पेढे वाटले नाहीत हे मला माहीत आहे. त्यांना झालं ते आपल्याला का नाही, हा आपल्याकडचा जुना आजार. विद्यापीठ कुणाला, आयुक्तालय कुणाला, आता विमान कुणाला.

मीही पूर्वी शिवणीसाठी तावातावानं बोलायचो. आता माझं मत बदललं आहे. बेलोरा आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. एवढ्या अंतरावर दोन विमानतळ मागायचे आणि दोन्हीकडे रिकाम्या खुर्च्या पाहायच्या, यात शहाणपण नाही. 'उडान' योजनेत विमान कंपनीला एका मार्गासाठी मिळणारी सरकारी मदत तीन वर्षांपुरती असते. त्या मुदतीत प्रवासी जमले नाहीत तर काय होतं ते कोकणात दिसलं. सिंधुदुर्गात चिपीला ऑक्टोबर २०२१ मध्ये वाजतगाजत सुरू झालेली मुंबईची सेवा तीन वर्षं होताच बंद पडली. बेलोऱ्याचीही तीच गत व्हायची नसेल तर ते फक्त अमरावतीचं राहून चालणार नाही. अकोला, वाशिम, यवतमाळ, बुलढाण्याचा पूर्व भाग, सगळ्यांचं व्हावं लागेल. शिवणीचा हट्ट मी सोडतो, पण बदल्यात काही गोष्टी मागतो.

पहिली मागणी विमानांच्या फेऱ्यांची. ही सेवा सुरू झाली तेव्हा विमान आठवड्यातून तीनच दिवस होतं, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. तिकिटावर लिहिलेलं असतं पावणेदोन तास. पण ज्याला आत्ता जायचं आहे त्याच्यासाठी थांबण्याचे तासही प्रवासातच धरायला हवेत. सोम ते बुध दोन दिवस, बुध ते शुक्र दोन दिवस, शुक्र ते सोम तीन दिवस. निकड कधीही येऊ शकते असं धरून हिशेब केला तर पुढच्या विमानासाठी सरासरी २९ तास थांबावं लागतं. म्हणजे पावणेदोन तासांचं विमान निकडीच्या माणसाला एकतीस तासांचं पडतं. रोज एक फेरी झाली तर ही सरासरी बारा तासांवर येते. विमान न बदलता, धावपट्टी एक मीटर न वाढवता सतरा तास वाचतात. माझे अब्बा मंगळवारी गेले. आजच्या दिवशी तीच रात्र आली आणि वेळापत्रक तेच असलं, तर भाईजान मुंबईत उतरतील तेव्हा अमरावतीचं विमान नसेलच. मौत सोमवार-बुधवार-शुक्रवार पाहून येत नाही.

दुसरी मागणी रस्त्यावरच्या बसची. अकोला–अमरावती रस्त्याची कहाणी तुम्हाला आठवत असेल. वर्षानुवर्षं रखडलेला, खड्ड्यांनी बदनाम झालेला हा रस्ता. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात नाव गेलं. आधीचा विक्रम कुणाचा होता? कतारमधल्या दोहाचा. म्हणजे ज्या आखातात आमची पोरं कामाला जातात त्या आखाताचा विक्रम आमच्या मूर्तिजापूर तालुक्यानं मोडला. आनंदच आहे. आता विक्रमी वेगानं झालेल्या या रस्त्यावरून विमानाच्या वेळेला जुळणारी एक साधी एसटी अकोल्याहून बेलोऱ्याला सोडा. विमान उतरल्यावर अर्ध्या तासानं तीच परत निघेल. विमान रद्द झालं तर बसवाल्याला कळेल आणि बसमधल्या प्रवाशालाही कळेल. यासाठी ना भूसंपादन लागतं, ना भूमिपूजन. बहुधा म्हणूनच होत नाही.

तिसरी मागणी वेळा जुळवण्याची आणि एका तिकिटाची. परदेशातून मुंबईत उतरणारा माणूस पुढचं विमान वेगळ्या तिकिटानं घेतो आणि पहिल्याला उशीर झाला तर दुसरं बुडतं. ते त्याचं नुकसान. एकाच तिकिटावर जेद्दा–मुंबई–अमरावती मिळालं तर जबाबदारी कंपनीची होते. त्यात आता मुंबईची दोन विमानतळं झाली आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. सहार आणि नवी मुंबई यांच्यामध्ये अख्खी मुंबई पडते. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान धरायचं असेल, तर तिकिटावर दोन्हीकडे 'मुंबई' लिहिलेलं पाहून गाफील राहू नका. गावाकडच्या माणसाला हे कुणी सांगत नाही.

समृद्धी महामार्गाचंही बोललं पाहिजे. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर–मुंबई रस्ता पूर्ण झाला. भाईजानना लागले तेवढे तास आज लागणार नाहीत, हे खरं आणि चांगलं. पण हा रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो आणि त्या दहांत अकोला नाही. तो आमच्या दक्षिणेकडून, वाशिम जिल्ह्यातून निघून जातो. आधी तिथपर्यंत जायचं, मग समृद्धी. शिवाय अकरा तास असोत की आठ, रात्रभर जागलेला, बाप गेलेला माणूस मुंबईहून गाडीत बसून एवढा रस्ता कापतो, तो कोणत्या मनःस्थितीत, हा प्रश्न किलोमीटरमध्ये मावत नाही.

काही वाचक म्हणतील, पोटाला पुरेसं नाही तिथं विमानाच्या काय गोष्टी करता? हवाई चप्पल घालणारा विमानात बसेल हे भाषणापुरतं. मला हा आक्षेप पूर्ण पटत नाही. आमच्या मोहल्ल्यात आयुष्यात सगळ्यात आधी विमानात बसलेले लोक व्यापारी किंवा अधिकारी नव्हते. गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर, शिंपी होते. कर्ज काढून, अम्मीच्या बांगड्या गहाण ठेवून बसले. असा माणूस हौसेनं फिरायला जात नाही, त्यामुळे महिनाभर आधी स्वस्त तिकीट काढून ठेवायची सवड त्याला क्वचितच मिळते. त्याच्या आयुष्यातली विमानाची खरी गरज येते ती बाप गेल्यावर, बायको अडल्यावर, पोराला अपघात झाल्यावर. त्या दिवशी त्याच्याजवळ पैसा असतो, कारण सगळे दोस्त मिळून गोळा करतात. वेळ मात्र कुणी गोळा करून देऊ शकत नाही. आणि हे काही एका समाजाचं दुःख नाही. पुण्यात नोकरी करणारा अकोटचा पोरगा, अमेरिकेत असलेली मूर्तिजापूरची लेक, दोघांची घरची माणसं मयताला बर्फावर ठेवून फोनकडे बघत बसतात. आमच्याकडे घाई थोडी जास्त, एवढाच फरक.

ठरवलं तर जमतं, हेही पाहिलेलं आहे. हजच्या दिवसांत विदर्भातल्या हाजींना घेऊन नागपूरहून विमानं सौदीला जातात. आजोबांना जे स्वप्नात दिसलं नसतं ते माझ्या मावशीनं केलं. सकाळी अकोल्याहून निघाली, नागपूरहून उडाली. तेव्हा जेद्दा अकोल्याच्या किती जवळ आलं होतं! ते जवळ आलं कारण कुणीतरी प्रवासी मोजले, वेळ ठरवली, विमान नागपूरला आणलं.

सरकार करील तेव्हा करील. तोवर आखातातल्या आपल्या माणसांना एक सांगणं. तिकीट काढताना 'थेट मुंबई' पाहून भुलू नका. आखातातून नागपूरलाही विमानं येतात. मध्ये एक ठिकाण बदलावं लागेल, आकाशातले दोन-तीन तास वाढतील, भाडंही कदाचित थोडं जास्त पडेल. पण उतरल्यावर घर ५८० नाही, २५० किलोमीटरवर असेल. आकाशात जे लांब दिसतं ते कधी कधी घराला जवळ असतं. त्या रात्री आम्ही हा विचारच केला नाही. आमच्या डोक्यात मुंबई म्हणजेच विमान असं पक्कं बसलेलं होतं.

पुतणीच्या प्रकल्पाकडे परत येतो. हा लेख लिहायला बसण्याआधी मी तिला बोलावून सगळा हिशेब समजावून सांगितला. अडीच तासांचं घड्याळ, पासपोर्टची रांग, नागपूरचं भरलेलं विमान, येवला. ती शांतपणे ऐकत होती. मग तिनं वहीत दोन ओळींखाली आणखी दोन ओळी लिहिल्या. 'खोली ते घर अंतर : सुमारे ४,१०० किमी. वेळ : २२ तास.' मला विचारलं, "बाईंनी तर फक्त विमानतळांचं विचारलंय. हे राहू देऊ की खोडू?"

मी म्हटलं, राहू दे.